खालच्यानं बोलत राहायचं

सळई हाताबाहेर गेली. सुटली नाही, मुठीतच होती. पण जिथं वीतभर जाऊन तिनं अडायला हवं होतं तिथं ती कोपरभर खाली उतरली आणि तिच्यामागोमाग मी पुढं झुकलो. जिना संपलाय हे न कळता माणूस आणखी एक पायरी उतरायला जातो, तसं झालं. मी सावरलो. माझा जोडीदार पैलवान पाठमोरा होता, हातगाडीतून फळ्या उतरवत होता. भिंतीपलीकडच्या थांब्यावर बस थांबली, दार उघडल्याचा फुसकारा आला, बस गेली. मी सळई वर ओढली आणि तिचं टोक बोटांनी पुसलं. बोटांना दोन रंग लागले. वरची काळी माती आणि खालची पिवळी, दोन्ही एकमेकींत कालवलेल्या. न खणलेल्या जमिनीत या दोघी कधी भेटत नाहीत. काळी वर राहते, पिवळी खाली, जन्मभराच्या शेजारणी असून बोलणं नाही. त्यांना एकत्र आणतं ते फक्त फावडं.

आणि नकाशात ही जागा कोरी होती.

१. जागेची खूण नकाशाशी जुळते का? जुळते.

२. शेजारचे दगड हलवून पाहिले का? पाहिले. उजवीकडचा किंचित झुकला आहे, टेकू द्यावा लागेल.

३. नळ, केबल, मुळं? मुळं आहेत, बोटाएवढी.

४. जमीन पूर्वी कधी खणलेली आहे का?

इथं पेन थांबलं. हा कागद गेल्या वर्षापासून आला. दुसऱ्या कुठल्याशा कब्रस्तानात खड्ड्याची भिंत बसली आणि खाली माणूस होता, त्यानंतर. दफनाच्या आदल्या दिवशी, खणण्याआधी भरायचा, कागद चिमट्यात, चिमटा फळीला आणि पेन दोरीनं फळीला. पैलवान म्हणतो, पेन पळून जाईल म्हणून बांधलंय, आपल्याबद्दल त्यांना तेवढीही काळजी नाही. पण कागद चांगला आहे, मी तरी म्हणतो. आम्ही जे हातानं करत होतो तेच त्यात कुणीतरी शब्दांनी लिहून काढलंय, थोडं वरखाली करून. फक्त चौथ्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. नोंद नसताना जमीन खणलेली आढळल्यास काम थांबवावे, लाल शिक्का मारावा, चौकशी होईपर्यंत जागा बंद. म्हणजे उद्या अकरा वाजता जे येणार आहेत त्यांना रस्त्यापलीकडच्या नव्या जागेत न्यावं लागेल. तिथं अजून झाडं नाहीत. दगडही सगळे एका साच्यातले, एका उंचीचे.

उद्या येणार ते घड्याळजी. थांब्याशेजारी त्यांचं दुकान होतं, एक माणूस आणि एक स्टूल मावेल एवढं. उजवीकडच्या या झुकलेल्या दगडाखाली त्यांची बायको आहे, छत्तीस वर्षांपासून. ही डावीकडची जागा त्यांनी तेव्हाच स्वतःसाठी राखून ठेवली होती. दर रविवारी सकाळी यायचे. बायकोच्या दगडासमोर नाही उभे राहायचे, तिच्या शेजारी उभे राहायचे, इथं, जिथं आत्ता माझी सळई गेली तिथं, हात मागं बांधून, बसची वाट पाहत असल्यासारखे. मी कधी जवळून गेलो तर विचारायचे, माझी जागा शाबूत आहे ना? मी म्हणायचो, अगदी शाबूत. ते हसायचे, म्हणायचे, घाई नाही, विचारून ठेवलं. छत्तीस वर्षांत हा एकच विनोद आम्ही दोघांनी वापरला. तो झिजला नाही. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत मुलगी त्यांना धरून आणायची, तरी उभे तिथंच राहायचे आणि विचारायचे तेच. मी सांगायचोही तेच.

लिहिलं: नाही. मग खोडलं. खोडलेलं दिसतं. या कागदाचा हा एक मोठा दोष.

आमच्या वेळी कागद नव्हता, ओळंबा होता. ओळंबा म्हणजे गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला लटकवतात ते वजन, आणि ओळंबा म्हणजे तो माणूस, ज्याच्या खिशात ते कायम असायचं. खरं नाव पगाराच्या दिवशी पुकारलं जायचं तेव्हा आम्ही सगळे इकडंतिकडं बघायचो, हा कोण म्हणून. मी काका म्हणायचो. खणायच्या आधी काका जागेभोवती आधी नुसता चालायचा, दोनदा, हातात काहीच न घेता. मग शेजारच्या प्रत्येक दगडाला तळहात लावायचा, ताप बघतात तसा, आणि हळूच रेटायचा. जो डुगडुगेल त्याच्यावर ओळंबा सोडायचा आणि मला सांगायचा, किती बोटं झुकलाय ते. दोन बोटांच्या वर असेल तर टेकू, चार बोटांच्या वर असेल तर आधी आडवा ठेवायचा, मगच खणायचं. मेलेल्या माणसाचा दगड जिवंत माणसावर पडला तर दोघांचीही फजिती, असं म्हणायचा. मग कडेला फळ्या, म्हणजे आपलं वजन एका जागी पडत नाही. काढलेली माती कडेपासून हातभर लांब, तीही एकाच अंगाला. कमरेएवढं झालं की शिडी आत, शिडीशिवाय पुढचं एक घमेलंसुद्धा काढायचं नाही. छातीएवढं व्हायच्या आधी दोन्ही अंगांना फळ्या आणि मध्ये आडवे टेकू. आणि कधीही एकट्यानं नाही. एक खाली, एक वर. आणि खालच्यानं बोलत राहायचं.

हा त्याचा सगळ्यांत कडक नियम होता. वरचा माणूस कडेला वाकून बघू शकत नाही, कड त्याच्याच वजनानं खचेल. त्यानं फळीवर बसून ऐकायचं. खालचा बोलतोय तोवर खालचा आहे. गप्प झाला की वरच्यानं दोरी टाकायची आणि हाक मारायची, या क्रमानं, आधी दोरी मग हाक. काय बोलायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. गाणं चालणार नाही, गाणं माणूस बेशुद्धीतही म्हणतो, असं काकाचं मत होतं. बोलणंच हवं. वर काका अबोल माणूस. डबा खाताना, हातपाय धुताना, पावसात शेडखाली दोन दोन तास बसलो तरी त्याच्याकडून हूं आणि बरं याच्यापलीकडं काही निघायचं नाही. पण खाली उतरला, डोकं जमिनीच्या खाली गेलं, की सुरू व्हायचा. त्याचं सगळं आयुष्य मी असं खालून वर येताना ऐकलंय. बहिणीच्या लग्नात त्यानं घातलेला दुसऱ्याचा कोट. वडिलांच्या गवंडीकामात तो बारा वर्षांचा असताना पाडलेली भिंत. एक बाई, जिच्याशी लग्न झालं असतं, पण तिला खणणाऱ्याचे हात चालले नाहीत. घमेलं वर यायचं, त्याच्यामागं वाक्य यायचं. मी घमेलं रिकामं करून परत आलो की मधलं एखादं वाक्य हुकलेलं असायचं. ते मी कधी परत विचारलं नाही. वर आल्यावर तो ते सांगणारा माणूसच राहायचा नाही. आज इतक्या वर्षांनी त्याचा चेहरा आठवायला जातो तर डोळ्यांसमोर चौकोनी अंधार येतो आणि त्यातून आवाज येतो, थोडा घुमल्यासारखा, ओल्या मातीचा वास असलेला.

मी आलो तेव्हा बावीसचा होतो. पहिले चार महिने वरच होतो. मग काका म्हणाला, आता तू खाली. खाली गेल्यावर मला कळेना काय बोलायचं. मी आकडे मोजले. काका वरून म्हणाला, आकडे नकोत, माझा डोळा लागतो. मी आमच्या चाळीतले भाडेकरू सांगितले, मजल्यानुसार. ते संपले. मग

४. जमीन पूर्वी कधी खणलेली आहे का?

होय. मी खणली. हे मला सळई आत गेली तेव्हाच कळलं होतं, डोक्याला नाही, खांद्याला. घड्याळजींची बायको वारली, मुलगी तेव्हा दोन वर्षांची. दफनाच्या आदल्या दिवशी आम्ही तयारीला आलो. दोन जागांच्या मध्ये एक खुंटी, रस्त्याकडून पाहिलं तर तिच्या उजवीकडे बायकोची जागा, डावीकडे नवऱ्याची. आखणी नेहमी रस्त्याकडून करायची, हा शिरस्ता. पण रस्त्यावर त्या दिवशी डबकं होतं आणि माझे बूट नवे होते. मी भिंतीच्या बाजूनं गेलो, दगडांच्या मागून, उलटा उभा राहिलो आणि खुंटीच्या उजवीकडे दोरी ताणली. माझ्या उजवीकडे. ते एवढंच. काका पलीकडच्या रांगेतल्या दगडाला टेकू देत होता. तो परत आला तेव्हा मी गुडघाभर खाली होतो आणि बोलत होतो. त्यानं यायचं, दोरी परत मोजायची आणि मग बसायचं, हा त्याचा क्रम. पण त्या दिवशी मी तिच्याबद्दल बोलत होतो. लाँड्रीच्या काउंटरवर बसणाऱ्या मुलीबद्दल, जी पावतीवर माझ्या नावापुढं रोज एक टिंब जास्त देत होती, एका पावतीवर दोन, दुसऱ्यावर तीन. मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला नाही, खोलीतल्या सोबत्याला नाही. खाली, मातीत तोंड करून, कुणाचा चेहरा समोर नसताना ते सगळं आपोआप येत होतं, आणि काका फळीवर बसला. मोजायचं विसरला. मी शर्टांची संख्या सांगितली, मुद्दाम मळवलेल्या. तो वर हसत होता, आवाज न करता, पण फळी हलत होती आणि थोडी माती माझ्या मानेवर पडत होती.

पुढं केव्हातरी तो उठला आणि थांब म्हणाला. त्याच्या आवाजावरून मी फावडं खालीच ठेवलं. वर आलो तर तो खुंटीपाशी उभा, ओळंबा हातात लटकलेला, वारा नसताना हलणारा. मला वाटलं आता कानाखाली बसेल. तो म्हणाला, "चूक माझी. मी ऐकत बसलो." मग आम्ही तो खड्डा भरला. पूर्ण खोलीचा खड्डा, माझ्या उंचीएवढा, पुरुषभर. खणायला तीन तास लागले असतील, भरायला एक, आणि मग शेजारी, बरोबर जागी, परत पहिल्यापासून. पाठ आठ दिवस धरली होती. काकानं नोंदींच्या वहीत काही लिहिलं नाही. वर गवताची ढेकळं परत लावली, पायानं दाबली, मागं होऊन डोकं तिरकं करून बघितली, केस कापून झाल्यावर न्हावी बघतो तशी. मला म्हणाला, रिकामं आहे, रिकाम्याची नोंद कशाला. मग खिशात ओळंबा टाकता टाकता, माझ्याकडं न बघता, वर असूनही, त्यानं विचारलं की काल किती टिंबं होती.

ती लाँड्रीतली मुलगी आज सकाळी मला म्हणाली, निवृत्तीला एकोणीस दिवस राहिले, आता तरी बूट दाराबाहेर काढत जा.

तर होय. पण होय लिहिलं की लगेच पुढचं येतं. रिकामं आहे का? त्या वर्षी नंतर दोन महिन्यांनी तापाची साथ आली. मी पहिल्याच आठवड्यात पडलो, तीन आठवडे अंथरुणात. काका एकटा, मग बाहेरून आणलेली माणसं, कोण कुठली, कुणाला कशाचा पत्ता नाही, दिवसाला सहा सहा खड्डे. त्या दिवसांतली वहीची पानं मी पाहिली आहेत. काही ओळी नुसत्याच आखलेल्या. घाईतला माणूस मऊ जमीन शोधतो. मी बरा होऊन आलो तेव्हा ही जागा होती तशीच दिसली, गवत होतं, की नव्हतं, मला नक्की सांगता येत नाही. काकाला विचारलं नाही. विचारायचं सुचलंच नाही, तेव्हा मी लग्नाच्या गडबडीत होतो. पुढं काका निवृत्त होऊन बहिणीकडं दुसऱ्या गावी गेला आणि तिथंच गेला. त्याच्यासाठी कुणी खणलं, वर कोण बसलं होतं, मला माहीत नाही. नकाशा नवा झाला, तीनदा, आणि प्रत्येक वेळी ही जागा कोरीच उतरली. मी पाहिलं होतं. प्रत्येक वेळी पाहिलं होतं.

आणि खाली उतरायची पाळी आज पैलवानाची होती.

हे आधी लिहायला हवं होतं. बाकीचं माझ्या मनाचं आहे, हे त्याच्या छातीचं आहे. पैलवान म्हणजे हाडाचा सांगाडा, म्हणून पैलवान. वय चाळीस, दोन मुली, मोठीला चष्मा लागलाय ते सध्या खालून ऐकायला मिळतं. चौथ्यापुढं 'नाही' असं लिहिलं की कागदाप्रमाणं ही घट्ट जमीन, छातीपर्यंत टेकूची गरज नाही, तो आत्ता जेवणाआधी खणायला लागणार. भरलेली माती घट्ट दिसते, उभी राहते, बायकोच्या बाजूची मधली भिंत जेमतेम हातभर, आणि मग केव्हा तरी ती न विचारता अंगावर येते. मी एकदा पाहिलंय. आवाज फार होत नाही. कुणीतरी जड माणूस सोफ्यावर बसावा, एवढाच.

मी लिहिलं: होय. खाली जागा होती तिथं लिहिलं, मी स्वतः, छत्तीस वर्षांपूर्वी, चुकून. मग पैलवानाला बोलावून सांगितलं. तो फळीवर बसून सगळं ऐकत होता, जणू मी खाली आहे. शेवटी त्यानं एवढंच विचारलं की टिंबांचं खरं आहे का, कारण वहिनींकडं बघून वाटत नाही. मी म्हटलं, खरं आहे. मग तो म्हणाला की मी गप्प बसलो असतो तर त्यानं भूत होऊन माझ्या दारात बूट घालून फिरायला कमी केलं नसतं. हे तो हसत म्हणाला, पण हातातली फळी त्यानं जरा जोरातच खाली टाकली.

ऑफिसात, कब्रस्तानाचा कारभार बघणाऱ्या मॅडमच्या समोर घड्याळजींची मुलगी बसली होती, उद्याच्या वेळेसाठी आली होती. अडतीस वर्षांची बाई, वडिलांसारखीच हात मागं बांधून बसलेली, खुर्चीच्या पाठीमागून. मला वाटलं होतं मॅडम एकट्या असतील. मी दारातच उभा राहिलो, कागदाची फळी पोटाशी धरून. मॅडमनी कागद घेतला, खोडलेलं पाहिलं, खालचं वाचलं, पुन्हा वाचलं. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांना आवाज चढवता येत नाही, त्या चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, वहीत का नाही. मी सांगितलं. नकाशे बदलले तेव्हा का नाही सांगितलं. खरं उत्तर म्हणजे मला त्या खड्ड्याबद्दल कुणाला सांगावंसं वाटलं नव्हतं, तो माझा होता. हे ऑफिसात बोलण्यासारखं नाही. मी म्हटलं, राहून गेलं.

"खात्री आहे तुम्हाला?"

"खणल्याची आहे. रिकामी असल्याची नाही."

मॅडम म्हणाल्या की मग नियम स्पष्ट आहे, आणि त्यांनी ड्रॉवर ओढला. लाल शिक्का तिथंच असतो. मी म्हटलं, एक मार्ग आहे, हातानं उघडून बघायचं. आजच, उजेड असताना. सुरुवातीपासून दोन्ही अंगांना फळ्या, दर दोन फुटांना टेकू, बायकोच्या बाजूचा दगड आडवा करून. काही लागलं, लाकडाचा तुकडा जरी, तिथंच थांबायचं, झाकायचं आणि शिक्का मारायचा. काही नाही लागलं तर मी लिहून देईन. मॅडम म्हणाल्या, आणि खाली कोण उतरणार? मी म्हटलं, ज्यानं उतरून ठेवलंय तो.

मुलगी इतका वेळ माझ्याकडं बघत होती. मला वाटलं आता ती विचारेल की एवढी वर्षं बाबांना शाबूत शाबूत सांगत होतात ते कशाच्या जोरावर. तिनं हात पुढं घेतले, मांडीवर ठेवले. म्हणाली, "बाबा म्हणायचे, तिथं जमीन पायाला मऊ लागते. गुडघ्यांना बरं वाटतं म्हणायचे." मग ती मॅडमकडं वळून म्हणाली की तिची हरकत नाही, पण तिला तिथं थांबायचंय. काही असलं तर तिला आजच कळायला हवं. उद्या सगळ्यांसमोर नको. मॅडमनी चष्मा घातला. ड्रॉवर ढकलला. पण पूर्ण नाही.

दगड आम्ही दोघांनी पट्ट्यांवर घेऊन आडवा केला, खाली जाड सतरंजी घालून. बायकोच्या नावाची बाजू वर ठेवली. मुलगी दोरीच्या पलीकडं होती, पाच पावलांवर. गवत कापून चौकोन बाजूला रचले. मी रस्त्याकडून आखणी केली. पैलवानानं परत मोजली, मुद्दाम, दोनदा, माझ्याकडं बघत. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढला की माझे कान दुमडतात आणि सगळं जग उशीतून ऐकू येतं. उतरलो. फावडं जवळजवळ आपण होऊन आत जात होतं. माती यायला उत्सुक असल्यासारखी, काळी पिवळी काळी, मध्येच एक गवताचं मूळ खालच्या बाजूला, जिथं त्याचं काही काम नव्हतं. वीतभर झालं की फळी, फळीला पाचर, टेकू, हातोडीचे तीन ठोके, मग पुढं. वेळ लागत होता. कमरेला शिडी आली. आणि मी बोलत होतो. पैलवानाला मी काकाबद्दल सांगत होतो, त्याच्या बहिणीच्या लग्नातला दुसऱ्याचा कोट, त्याच्या खिशात सापडलेली दुसऱ्याची चिठ्ठी, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मला मधली वाक्यं येत नाहीत, घमेलं रिकामं करायला गेलो होतो तेव्हाची. तिथं आलो की मी अडखळत होतो आणि पैलवान लगेच दोरीला हात घालत होता. मग मी त्या जागा आपल्या मनानं भरल्या. कोट हिरवा होता की नाही कुणाला माहीत. आता हिरवा आहे.

मध्येच फावड्याला काहीतरी लागलं. कट्ट, असं. मी गप्प झालो. दोरी येऊन माझ्या खांद्यावर पडली, मग हाक. मी म्हटलं, आहे, थांब. गुडघ्यावर बसलो, हातमोजा काढला. माती बोटांनी बाजूला केली. वर कुणाचीच हालचाल नव्हती, मुलीची सुद्धा नाही. गार, गुळगुळीत, गोल. मी कडेनं बोट फिरवलं आणि ते मातीतून सुटलं. दगड होता, गोटा, मुठीएवढा. मी तो वर दाखवला. पैलवानानं मोठ्यांदा श्वास सोडला आणि कागदावर लिहू का म्हणून विचारलं, एक बटाटा मिळाला.

त्याच्यापुढं अर्ध्या हातावर माती बदलली. फावडं आत जाईना. मी सरकून दुसरीकडं टोचलं, तिथंही नाही. कोपऱ्यातली भुसभुशीत माती हातानं खरडली तेव्हा ती भिंतीपासून आपोआप सुटली, खपली सुटते तशी, आणि खाली पिवळ्या चिकणमातीची कड उघडी पडली. तिच्यावर फावड्याच्या पात्याच्या खुणा होत्या. ओल्या, चकचकीत, एकाखाली एक, सगळ्या डावीकडं कललेल्या. मी त्या वेळी डावा पाय पुढं टाकून खणायचो. काकानं पुढं ती सवय मोडली. मी चारही बाजू साफ केल्या. तळ साफ केला. सपाटसुद्धा नव्हता तो, मध्येच सोडलेला, एका कोपऱ्यात अर्धं उचललेलं ढेकूळ तसंच तळाला चिकटून. फावडं खाली ठेव म्हटल्यावर ठेवलं होतं, तसंच.

मी उभा राहिलो. कड माझ्या छातीशी होती.

मला कळेना. मी परत वाकलो, तळ ठोकला, चार ठिकाणी सळई घातली. सगळीकडं ती वीतभर जाऊन अडली. इथून खाली कुणाचा हात कधी लागला नव्हता. मग उभा राहून परत बघितलं. छातीशी. पुरुषभर नव्हताच तो कधी. काकानं मला दोन फूट आधीच थांबवलं होतं, आणि पाठ आठ दिवस धरली होती ती एवढ्याशाला, आणि मी छत्तीस वर्षं, रविवारी घड्याळजी इथं उभे असताना लांबून बघत, त्यांच्या पायाखाली दोन फूट जास्तीचे खणत आलो होतो. दर वर्षी थोडे थोडे. हसू आलं. वर पैलवान म्हणाला, बोला की.

मी शिडीच्या तीन पायऱ्या चढलो. डोकं जमिनीच्या वर आलं तेव्हा उजेडानं डोळे मिटले. मुलगी दोरीला दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिच्या बुटांच्या टोकांवर माझी माती उडाली होती, काळी आणि पिवळी.

तिनं विचारलं, "आहे कुणी?"

"कुणी नाही. पण अर्धीच खणलेली आहे."

पैलवानानं हेल्मेट उचललं होतं, आता पाळी त्याची, खालची जमीन घट्ट आहे, असं तो म्हणत होता, आणि ते बरोबरच होतं. मुलगी माझ्याकडं बघत राहिली. मग शेजारी आडव्या ठेवलेल्या दगडाकडं तिनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "तुम्हीच पुरी करा ना."

मी पैलवानाकडून खालचे दोन टेकू मागून घेतले. ते बसवले, ठोकले, हातानं हलवून पाहिले. शिडी उचलून तिचे पाय जुन्या तळावर नीट टेकवले. मग त्या कोपऱ्यातल्या, अर्ध्या उचललेल्या ढेकळाशेजारी फावडं उभं धरलं आणि त्याच्यावर पाय ठेवला. जमीन कडक होती. सगळं वजन टाकावं लागलं.